घारीचा घास

घार पत्र्यावर पंख पसरून पडली होती आणि खाली रस्त्यावर तीसेक माणसं मोबाइल वर धरून तिचं शूटिंग करत होती. किंक्रांतीचा दिवस, दुपारचे साडेतीन. मंठ्याच्या मेन रोडवर त्या वेळी गिऱ्हाईक कमी आणि पतंग जास्त. नायलॉनचा मांजा घारीच्या उजव्या पंखात रुतला होता, त्याचं दुसरं टोक टीव्हीच्या छत्रीला अडकलं होतं, आणि ती सुटायला जेवढी धडपडायची तेवढा मांजा आत जायचा. या मांजावर सरकारची बंदी आहे. बंदी आहे म्हणून तो दुकानात समोर न ठेवता आतून काढून देतात, एवढाच काय तो फरक.

"राजानंद, चढ ना रे!" श्रेयांसशेठ खालून ओरडले. "मरंल ती. जल्दी कर!"

राजानंद तोवर शिडीच्या मध्यावर पोचला होता. श्रेयांसशेठच्या कापड दुकानात सव्वीस वर्षं कापड फाडणारा हा माणूस. वय एकोणपन्नास, गुडघे साठीचे. चढताना त्यानं खांद्यावर दोन मीटर मांजरपाट टाकून घेतलं होतं. पक्ष्याचे डोळे झाकले की तो शांत होतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी गावाकडं कोंबड्या पकडताना कळलेली गोष्ट.

जवळ गेल्यावर घारीनं त्याच्याकडं पाहिलं. राजानंदनं जन्मात एवढ्या जवळून घार पाहिली नव्हती. घार म्हणजे वर फिरणारी, खाली सावली पडली की आई "पिल्लं झाका रे" म्हणून ओरडायची. इथं तिचा डोळा त्याच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर होता, काळाभोर, आणि त्यात गयावया नावाची गोष्ट नव्हती. हात पुढं केलास तर फोडीन, एवढं एकच त्या डोळ्यात होतं. राजानंदला का कोण जाणे, ते फार आवडलं. त्यानं मांजरपाट टाकलं, तिला कवेत घेतलं, कात्रीनं मांजा तोडला आणि एका हातानं शिडी धरत खाली उतरला. कापडाच्या आत तिचं काळीज धडधडत होतं आणि बाहेर त्याचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे परत पतंगाकडं वळले.

जनावरांचे सरकारी डॉक्टर अर्ध्या तासात आले, हे श्रेयांसशेठच्या शब्दाला गावात असलेल्या वजनामुळं. शेठ जीवदयेचा माणूस. पर्युषणात खाटकाकडची बोकडं सोडवून आणणार, उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाण्याची मडकी टांगणार, गच्चीवर रोज पाच किलो ज्वारी कबुतरांना टाकणार. त्यात दिखावा नव्हता. मुंगी चिरडली तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

डॉक्टरांनी सात टाके घातले, एक इंजेक्शन दिलं.

"हाड मोडलेलं नाही, नशीब समजा," ते हात धूत म्हणाले. "पण रक्त फार गेलंय. खायला घाला. मटण, चिकन, कलेजी, मिळेल ते, बारीक तुकडे करून. दूध-पोळीवर ही जगणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

शेठचा चेहरा पडला. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी हे कसं व्हईल?"

"मग ज्याच्या घरी चालतं त्याच्याकडं द्या. वन विभागाची गाडी येईपर्यंत दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे."

शेठनी दुकानातल्या चार नोकरांवरून नजर फिरवली आणि हसले. त्या हसण्यात अभिमान होता. "आमच्या दुकानात कुणीच खाणारं न्हाई, साहेब. वडलांपासूनचा नियम हाय. हा राजानंद बघा. सव्वीस वर्षं झाली, अंडंसुद्धा न्हाई."

डॉक्टरांनी राजानंदकडं पाहिलं. राजानंद रक्त लागलेल्या मांजरपाटाची घडी घालत होता. घडी नीट बसली नाही म्हणून त्यानं ती उलगडली आणि पुन्हा घातली. 'माझ्याकडं द्या' हे दोन शब्द जिभेवर आले होते. ते तिथंच राहिले.

खोटं तसं लहान होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, तेविसाव्या वर्षी, तो याच दुकानाच्या गादीसमोर उभा होता आणि श्रेयांसशेठचे वडील, मोठे शेठ, यांनी विचारलं होतं, "खाता-पीता क्या?" गावाकडं काम नव्हतं, बारावीचा कागद खिशात होता, आणि हो म्हणालं तर परतीची एसटी समोरच उभी होती. राजानंद म्हणाला, "न्हाई शेठजी. बुद्ध पौर्णिमेपासून सोडलं." मोठे शेठ खूश झाले. घरी आल्यावर त्यानं हा किस्सा हसत हसत वडलांना सांगितला. भिवा हसले नाहीत. "पोटासाठी खोटं बोलला त्याचं काही न्हाई," ते म्हणाले. "बुद्धाला कशाला साक्षीला घेतलं?"

त्यानंतर दर रविवारी दुपारी राजानंदच्या घरी मटण शिजायचं आणि जेवल्यावर तो दोन लवंगा चघळत अंगभर साबण लावून पुन्हा आंघोळ करायचा. दुकानातली बाकीची पोरं मंठ्यात कुठं काय खातात हे शेठ विचारत नसत. राजानंदचं मात्र उदाहरण द्यायचे. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायचे. आणि त्या खोट्याचं फळ मिळालं नाही असंही नाही. शेठच्या घरातल्या माठातलं पाणी त्याला स्वतःच्या हातानं घेता यायचं. शेठच्या आई, तारादेवी, त्याला स्वयंपाकघरात बोलवून गरम फुलके वाढायच्या. श्रेयांस शाळेत असताना राजानंदच्या सायकलवर पुढं बसून जायचा आणि त्याला 'राजूकाका' म्हणायचा. गादीवर बसल्यावर काका गळून 'राजानंद' झाला, पण तेवढं चालायचंच.

वन विभागात फोन झाला. तिकडून सांगितलं, नोंद घेतली आहे, पक्षी हलवू नका, गाडी उद्या येते. दुकान आणि शेठचं घर यांच्यामध्ये एक छोटं अंगण होतं. अंगणाच्या कडेला रिकामी खोकी ठेवायची पत्र्याची खोली होती. घारीला तिथं डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली ठेवलं.

शुक्रवारी गाडी आली नाही. सकाळी शेठनी घारीला पनीर ठेवलं. दुपारी चमच्यानं दूध पाजायला गेले तर तिनं चमचाच धरला आणि सोडेना. संध्याकाळी त्यांना कुठल्याशा ग्रुपवरून सल्ला आला आणि त्यांनी सोयाबीनच्या वड्या भिजवून आणल्या.

"एकदम तसंच लागतं म्हणतेत," ते राजानंदला म्हणाले.

हे त्यांना ज्यानं सांगितलं त्यानं दोन्हीपैकी काय खाल्लं होतं, कळायला मार्ग नाही. घारीनं वड्यांकडं पाहिलं, मग शेठकडं पाहिलं, आणि मान फिरवली. अंधार पडेपर्यंत पनीरला मुंग्या लागल्या होत्या. मग मुंग्या मरतील म्हणून शेठनी ते पनीर एका कागदावर हळूच बाहेर नेऊन ठेवलं.

त्या संध्याकाळी राजानंदनं संध्याला, म्हणजे बायकोला, हे सगळं सांगितलं. संध्या अंगणवाडीत मदतनीस. दिवसभर चाळीस लेकरांची तोंडं भरणारी बाई, तिला उपाशी जिवाचं नुसतं कौतुक सहन होत नसे.

"मंग आणा की तिला घरी," ती म्हणाली.

"काय सांगून आणू?"

"आम्ही खातो म्हणून सांगा. त्यात काय चोरी केली का आपण?"

"सव्वीस वर्षं झाली, संध्या."

"मंग होऊ द्या सत्तावीस. तवर ती मरून जाईल." तिनं पायात चपला घातल्या. "मीच आणते कलेजी. पण घालायची तुम्ही. मला त्या घरात कोण घुसू देतंय?"

शनिवारी सकाळी साडेसहाला राजानंद मागच्या बोळातून शेठच्या अंगणात शिरला. दूधवाला येतो म्हणून मागचं कवाड त्या वेळी उघडं असायचं. देवघराच्या खिडकीत तारादेवी सामायिकाला, जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या, डोळे मिटून, पाठमोऱ्या. जेवणाच्या पिशवीतला छोटा डबा त्यानं पोटाशी धरला होता. वय एकोणपन्नास आणि छाती अशी उडत होती की स्वतःचीच लाज वाटावी.

डालगं उचललं तशी घार मागं सरकली आणि तिनं चांगला पंख फुगवला. आखडलेल्या पंखानं तिचा तोल जात होता. राजानंद उकिडवा बसला. कलेजीचा तुकडा दोन बोटांत धरून त्यानं हात पुढं केला. ती बघत राहिली. बोळातून दूधवाल्याची गाडी गेली. त्याचा हात दुखायला लागला, पण त्यानं तो मागं घेतला नाही.

मग तिनं घेतला. एकदम, हिसका मारून. तुकडा पायाखाली दाबला, दोनदा ओढला आणि गिळला. दुसऱ्या तुकड्याला ती एक पाऊल पुढं आली. तिसऱ्या वेळी तिनं वाट पाहिली नाही, पाय टाकून त्याचा अंगठाच धरला. नखं आत गेली. राजानंदच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिची पकड सुटेपर्यंत तो तसाच बसून राहिला. केवढी ताकद होती त्या पायात अजून! त्याला रडू आलं आणि हसूही आलं. "खा, माय," तो हळू म्हणाला. "खा, खा. तुझं तर कुणाशी खोटं न्हाई." डबा रिकामा झाला तेव्हा तिनं मान वाकडी करून डब्यात पाहिलं, अजून आहे का म्हणून.

त्या दिवशी दुकानात त्यानं गिऱ्हाइकांशी चेष्टा केली. एका म्हातारीला शालू दाखवून "घ्या की, आजोबा परत लगीन करतील" म्हणाला. अंगठ्याला चिंधी बांधली होती. विचारलं तर कात्री लागली म्हणून सांगितलं.

दुपारी श्रेयांसशेठ चमचा आणि दूध घेऊन खोलीत गेले आणि तसेच बाहेर आले. डालग्याच्या कडेला कलेजीचा एक तुकडा राहून गेला होता, बोटाच्या पेराएवढा.

"मांजर आली असंल रे," तारादेवी अंगणातून म्हणाल्या. "बोळातून येती."

"मांजर चाकूनं कापून आणते का, माँ?"

तारादेवींनी माळ हातात घेतली. शेठनी चौघांना आत बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले होते.

"कुणी आणलं, मी विचारणार न्हाई. दयेपोटीच आणलं असंल, कळतंय मला. पण माझ्या बापाच्या जागेत आज मांस आलं. एक जीव वाचवायला दुसरा मारून आणला. ते पाप ज्याच्या छताखाली झालं त्याचं, म्हणजे माझं. उद्या मी उपवास करून राह्यलो. बिलकुल पाण्यावर." मग हात जोडून ते "मिच्छामि दुक्कडं" म्हणाले, क्षमा मागत, नोकरांची. "आणि मागचं कवाड उद्यापासून आतून बंद. दूधवाल्याला समोरून येऊ द्या."

राजानंदनं चिंधी बांधलेला अंगठा मुठीत धरला होता. शेठची नजर त्याच्यावर एकदाही थांबली नाही. त्याच्यावर थांबावी असं शेठना वाटलंच नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

नोकरी जाईल ही भीती होतीच. मुलीचं, प्रीतीचं, जालन्याला नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. पण खरी भीती ती नव्हती. लहानपणी गावातल्या हॉटेलात बापाच्या चहाचा कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. तो बापानं स्वतः धुवायचा आणि परत टांगायचा. या घरातल्या माठाचं पाणी सव्वीस वर्षं पिऊनही राजानंदला तो कप विसरता आला नव्हता. उद्या शेठ काही म्हणणार नाहीत, तारादेवी काही म्हणणार नाहीत, फक्त फुलका वाढायला आत बोलावणार नाहीत. तेवढ्या न बोलावण्याची त्याला भीती वाटत होती. ही भीती खरी होती की त्यानं स्वतःच पोसली होती, याचा विचार त्यानं केला नाही. भ्यालेला माणूस एवढा हिशोबी नसतो.

रविवारी सकाळी सहाला संध्यानं डबा भरून ठेवला होता. ताजं मटण, घारीपुरते तुकडे वेगळे.

"राहू दे," तो म्हणाला.

"का?"

"कवाड बंद असतं आता."

"समोरून जा. शेठला सांगून जा."

"तो उपाशी बसलाय आज. माझ्यापायी. त्याच्या तोंडासमोर हे घेऊन जाऊ?"

"तीबी उपाशीच बसली हाय," संध्या म्हणाली. "तिनं काय नियम मोडला?"

तो शर्टाची बटणं लावत राहिला. निघाला तेव्हा डबा ओट्यावरच होता आणि संध्या त्याच्याकडं पाठ करून भांडी घासत होती.

गाडी रविवारीही आली नाही. सुटी होती. खोलीत घार आता उभी नव्हती. पोटावर बसली होती, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. शेठ तिच्यासमोर पाट घेऊन बसले होते. ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. ड्रॉपरनं तिच्या चोचीवर पाण्याचे थेंब सोडत होते आणि नवकार मंत्र म्हणत होते. इतकी माया करणारा माणूस राजानंदनं दुसरा पाहिला नव्हता. त्या मायेनंच ती मरत होती.

"राजानंद," शेठ वर न बघता म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू सांग. मी चुकून राह्यलो का? डॉक्टर म्हणते तसं एखाद्याच्या घरी द्यायला पाहिजे का हिला? तू म्हणशील तसं करतो. कुणी हाय का तुझ्या वळखीचं, खाणारं?"

खोलीत दोघंच होते आणि तिसरी ती. असं कवाड माणसाच्या आयुष्यात कितीदा उघडतं? त्यानं घारीकडं पाहिलं. तिनंही डोळा उघडून पाहिलं, आणि तिच्या लेखी तो कोण होता कुणास ठाऊक, तिची मान त्याच्या हाताच्या दिशेनं थोडी पुढं आली. हात रिकामा होता. तो त्यानं पाठीमागं नेला.

"न्हाई शेठ," तो म्हणाला. "तुमचं बराबर हाय. गाडी येईलच उद्या."

शेठनी मान हलवली. त्यांना धीर आलेला दिसला. राजानंद बाहेर येऊन अंगणातल्या नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला.

सोमवारी सकाळी तो आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धंच उघडलेलं होतं. आत शेठ गादीवर बसून रडत होते, बायकामाणसासारखं, आवाज करून. काय झालं ते विचारायची गरज नव्हती. राजानंद अंगणात गेला.

पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यात तारादेवी बसल्या होत्या. पंचाहत्तर वर्षांची बाई, पांढरी साडी, हातात माळ, पण माळ चालत नव्हती. त्यांनी डालगं काढून बाजूला ठेवलं होतं. घार एका कुशीवर पडली होती. पाय आखडून पोटाशी आले होते.

"पहाटे गेली," त्या म्हणाल्या. "चार वाजता मी बघितली तर जीव होता. साडेपाचला न्हाई."

राजानंद भिंतीला टेकून उभा राहिला.

"राजू, इकडं ये. बस." तो बसला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, अंगणाच्या पलीकडं मागच्या कवाडाकडं बघत बोलल्या. "दोन दिवस मी ते कवाड उघडं ठेवलं होतं रे."

त्याला आधी कळलंच नाही.

"शनिवारी तू आला तेव्हा मी सामायिकात होते. डोळे बंद होते, कान थोडीच बंद होतात? तू तिला 'खा माय' म्हणला, मी ऐकलं. श्रेयांसला मांजर सांगितलं. व्रत घेतलेलं असून खोटं बोलले. मला वाटलं, राजू उद्या येईल. श्रेयांसनं कडी लावली, मी पहाटे उठून काढली. रविवारीबी काढली. आजबी काढली. सामायिकाला बसले तरी सगळा जीव बोळाकडं. आपल्या हातानं तर मी ते करू शकत नव्हते, बेटा. एवढं मोठं काळीज न्हाई माझं. पण तुझ्यासाठी कवाड उघडं ठेवू शकत होते."

"माँजी, मला वाटलं बंद…"

"ढकलून तरी बघायचं होतं," त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं.

"तुम्हाला… माझं… कधीपासून माहीत हाय?"

"काय, खातो ते?" त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं, थोडं आश्चर्यानंच. "मंठा केवढं गाव हाय, राजू? दर रविवारी तुझी संध्या चौकातून पिशवी घेऊन जाते. तुझ्या मोठ्या शेठला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणले, पोरगा लवंगा खाऊन येतो, एवढा मान ठेवतो, राहू दे. श्रेयांसला तेवढं कुणी सांगितलं न्हाई. त्याला तू तसाच पाहिजे होता."

राजानंदला वाटलं आपण हसू. सव्वीस वर्षांच्या लवंगा, दुसऱ्या आंघोळी, प्रीतीला लहानपणी दिलेली ताकीद की दुकानात आलीस तर काल काय जेवलो ते बोलायचं नाही. सगळं माहीत असलेल्या माणसांपासून लपवलेलं. आणि त्या लपवण्यासाठी हा जीव दिलेला. हसू आलं नाही. तो पुढं वाकला आणि घारीच्या पंखावरून हात फिरवला. जिवंतपणी तिनं हे करू दिलं नसतं. टाके छान जुळून आले होते. जखम भरत आली होती.

"भुकेनं गेली," तारादेवी म्हणाल्या आणि माळ पुढं ओढू लागल्या.

गाडी त्याच दुपारी आली. फॉरेस्टचा गार्ड तिशीचा होता, घाईत होता, त्याला अजून भोकरदनकडं जायचं होतं. त्यानं दुकानाच्या काउंटरवर पंचनाम्याचा कागद पसरला. शेठ गादीवरून उठून समोर उभे राहिले. चार दिवसांत माणूस वाळून गेला होता.

"कुठं सापडली, कधी सापडली, झालं," गार्ड लिहिता लिहिता म्हणाला. "खायला काय घातलं?"

"दूध," शेठ म्हणाले. "पनीर. सोयाबीनच्या वड्या."

गार्डचं पेन थांबलं. "घारीला?"

शेठनी मान खाली घातली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं इकडं बघायला लागली.

"मटनबी दिल्तं," राजानंद म्हणाला.

तो काउंटरच्या आतल्या बाजूनं बोलला होता, तिथून, जिथं तो सव्वीस वर्षं उभा राहत आला होता. शेठनी मान वर केली.

"शनिवारी. कलेजी. माझ्या घरची. आम्ही खातो घरी." त्यानं शेठकडं पाहिलं नाही. "मीच दिल्तं माझ्या हातानं."

"खाल्लं तिनं?" गार्डनं विचारलं.

"समदं खाल्लं. अजून मागत होती."

"मंग चांगलं झालं ना. नंतर का न्हाई दिलं?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"भ्यालो," तो म्हणाला.

"घारीला?"

"न्हाई."

गार्डनं कागदाकडं पाहिलं. तिथं मृत्यूच्या कारणासाठी एकच ओळ होती. त्यानं लिहिलं, 'मांजामुळे झालेल्या जखमा', आणि कागद फिरवून पुढं सरकवला. "पंच म्हणून सही करा. दोघंबी. पूर्ण नाव."

राजानंद भिवा खरात, असं त्यानं सावकाश लिहिलं. त्याच्या खाली शेठनी सही केली. पेन परत देताना दोघांची बोटं लागली. श्रेयांसशेठ काहीतरी म्हणणार असं वाटलं, 'राजूकाका' किंवा दुसरं काही, पण त्यांचा नुसता हात हवेत राहिला.

गार्डनं साड्यांचं एक रिकामं खोकं मागितलं. राजानंदनंच ते आणून दिलं. घार आत ठेवली, पण आखडलेला एक पंख काही केल्या मावेना, झाकण लावलं की बाहेर यायचा. गार्डनं तो दोनदा दाबला. तिसऱ्यांदा राजानंदनं त्याचा हात बाजूला केला, पंख पिसापिसानं मिटत आत घेतला आणि झाकण बसेपर्यंत वरून तळहात धरून ठेवला.